एकच लेन्स, पण कोणती?

मंगलकार्यांतील एखादा विधि चुकला तर गुरुजी तो पुन्हां करवून घेतात. फोटोची गोष्ट तशी नाहीं, याचा अनुभव आमच्या घरास गेल्या वैशाखांत आला. धाकट्या पुतण्याच्या मुलाची मुंज होती. पहांटेस मातृभोजन झालें. मुलगा आईच्या पानांत तिच्या हातचा शेवटचा घांस घेतो, तोच हा प्रसंग. ठरविलेला छायाचित्रकार मुहूर्ताच्या सुमारास यावयाचा होता, म्हणून घरचा कॅमेरा मधल्या पुतण्याच्या गळ्यांत होता. तो नुकताच वाड्याच्या गच्चीवरून मांडवांतील मंडळींचे दुरून फोटो घेऊन खालीं आला होता आणि कॅमेऱ्यावर ७० ते ३०० ची लांब लेन्स तशीच चढविलेली होती. पानासमोर तो दोन मीटरांवर बसला, तों त्याच्या लक्षांत आलें कीं इतक्या जवळून त्या लेन्सींत आईचें तोंड मावतें तर मुलाचें मावत नाहीं. त्यानें घाईनें ती काढली, टोपण खिशांत घातलें, पिशवींतून लहान लेन्स शोधून काढून बसविली आणि डोळा लावला. तोंपर्यंत सूनबाई हात धुवावयास उठल्या होत्या.

शेजारच्या एका मुलीनें मोबाइलवर फोटो घेतला होता. पण मागें पूर्वेची खिडकी असल्यामुळें त्यांत दोन काळ्या आकृति तेवढ्या दिसतात. कोणीतरी सुचविलें कीं पान अजून उचललेलें नाहीं, एक घांस पुन्हां भरवावा, फोटो होईल. सूनबाई म्हणाल्या, "नको. झालें तें झालें. फोटोकरितां केलें तर तें नाटक होईल." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं.

त्या रात्रीं घरांत ठराव झाला कीं कॅमेऱ्यावरून काढावी लागणार नाहीं अशी एकच लेन्स घ्यावयाची. पैसा सामाईक पेटींतला, म्हणून कॅमेऱ्यास जितका खर्च आला त्याच्या निम्म्याहून अधिक रक्कम त्यांत घालावयाची नाहीं, असेंहि ठरलें. आम्हांस सवड अधिक, म्हणून चौकशीचें काम आमच्याकडे आलें. महिनाभर आम्हीं दुकानें पाहिलीं, लोकांस विचारलें, घरांतील मुलांकडून शिकलों. असाच कॅमेरा आणि असाच प्रश्न आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं असेल असें वाटल्यावरून ती हकीकत येथें देत आहों.

प्रथम शब्दांचा घोळ काढूं. भिंग म्हणजे कांचेचा एक तुकडा. बाजारांत लेन्स म्हणून जी नळी मिळते तींत अशीं दहापंधरा भिंगें गटागटानें बसविलेलीं असतात. लेन्सवर जे आंकडे कोरलेले असतात ते तिचें नाभीय अंतर मिलिमीटरांत सांगतात. आंकडा लहान तर देखावा रुंद दिसतो. आंकडा मोठा तर दूरची वस्तु जवळ आल्यासारखी दिसते. झूम लेन्सींत भिंगांचे गट पुढेंमागें सरकवून हें अंतर बदलतां येतें. स्थिर फोटोच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याकरितां पहिली झूम लेन्स १९५९ सालीं जर्मनीच्या फॉइग्टलेंडर कंपनीनें 'झूमार' या नांवानें काढली. तिची रचना फ्रँक बॅक यांची. तिचा आवांका ३६ ते ८२, म्हणजे जेमतेम सव्वादोन पट. १९९२ सालीं जपानच्या टॅमरॉन कंपनीनें २८ ते २०० ची लेन्स काढली, ती सात पट झाली. आणि त्याच कंपनीची २०१७ ची १८ ते ४०० ही लेन्स तर बावीस पट आहे. एका गटाचा दोष दुसऱ्या गटानें खोडावयाचा आणि तोहि नाभीय अंतराच्या प्रत्येक पायरीस, असें हें अवघड गणित आहे. विशेष प्रकारची कांच, गोलाकार नसलेलीं भिंगें आणि संगणकावरील आकडेमोड यांच्या जोरावर तें इतकें पुढें गेलें.

परंतु पटीच्या या आंकड्यानेंच माणूस फसतो, असें आमचें मत झालें आहे. पट म्हणजे मोठा आंकडा भागिले लहान आंकडा, यापलीकडे कांहीं नाहीं. घरास पटीचा उपयोग नसतो. उपयोग असतो तो दोन टोकांचा, आणि तीं टोकें एकेक करून पाहावयास पाहिजेत.

रुंद टोकापासून आरंभ करूं, कारण घरांत त्याचेंच काम अधिक. आमचा कॅमेरा निकॉनचा, साध्या वर्गांतला आहे. त्याच्या आंत जेथें चित्र उमटतें तो पट्टा सुमारें २३.५ मिलिमीटर रुंद आणि १५.६ मिलिमीटर उंच असतो. पट्ट्याच्या रुंदीस लेन्सच्या आंकड्यानें भागून वस्तूच्या अंतरानें गुणलें कीं चित्रांत किती रुंदी मावेल तें कळतें. हें त्रैराशिक सातवींतल्या मुलासहि जमेल. तीन मीटरांवरून १८ च्या टोकास जवळजवळ चार मीटर रुंदी मावते; २४ ला तीनच मीटर; २८ ला अडीच. दिवाणखान्यांत तीन मीटर मागें गेलें कीं पाठीस भिंत लागते, आणखी मागें जावयास जागा नसते. तेथें एक मीटर म्हणजे पंगतींतलीं दोन माणसें. तीं चित्रांत आलीं नाहींत म्हणजे वर्षभर ऐकून घ्यावें लागतें, हें एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगणें नको.

म्हणूनच जुन्या फिल्मच्या काळांतल्या २८ ते २०० च्या लेन्सेस अगदीं अल्प किंमतीस मिळतात त्यांचा मोह आम्हीं आवरला. फिल्मच्या मोठ्या चौकटीवर त्या रुंद होत्या. आमच्या लहान पट्ट्यावर त्यांची रुंदी घराच्या कामाची राहत नाहीं. दुसरी अडचण अशी कीं निकॉनच्या डी ३००० व डी ५००० या कुळांतील साध्या कॅमेऱ्यांत फोकस फिरविणारी मोटर नसते. ती लेन्सींतच असावी लागते. जुन्या लेन्सींत ती नसली कीं फोकस हातानें करीत बसावें लागतें, आणि तेवढ्यांत घांस संपतो. १८ च्या टोकाचा एक दोष मात्र सांगून ठेवतों. चित्राच्या कडेस बसलेल्या माणसाचें डोकें ताणल्यासारखें उमटतें. वडील मंडळींस मध्यें बसवावें. कडेची जागा उत्साही तरुणांस द्यावी.

आतां लांब टोक. कार्यालयांत मागच्या खुर्च्यांपासून बोहल्यापर्यंत साधारण दहा मीटर धरूं. तेवढ्यावरून ५५ च्या लेन्सींत सव्वाचार मीटर रुंदी येते. म्हणजे वधूवर, दोन्हीकडचे मामा, गुरुजी आणि मागचे ओळखीचे लोक. १४० ला सुमारें १.७ मीटर रुंदी येते. अंतरपाट धरला असतां वधूवरांचीं मुखें आणि छातीपर्यंतचा भाग तींत नीट बसतो. ३०० ला पाऊण मीटराहून थोडी अधिक आणि ४०० ला साठ सेंटिमीटरांच्या आंत, म्हणजे एकच मुख. एवढ्या जवळीकीची कार्यालयांत गरज पडत नाहीं. ज्याला भिगवणास उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी टिपावयाचे आहेत, किंवा ताडोब्यास वाघ दिसलाच तर तो गवतासकट नव्हे, एकटा हवा आहे, त्याला ४०० हि अपुरे वाटतील. त्याची गोष्ट वेगळी. आणखी एक खुबी ध्यानांत ठेवावी. या लांब आवांक्याच्या लेन्सेस जवळच्या वस्तूवर फोकस करतांना आंतल्या आंत आपलें नाभीय अंतर कमी करतात. म्हणून ३०० असें कोरलेली लेन्स दूरच्या शिखरास ३०० देते. पण समोरच्या फुलास त्याहून बरेंच कमी देते. दुकानांत दोन लेन्सेस समोरासमोर ठेवून पाहिल्यावर आमचा यावर विश्वास बसला.

यापुढची बाब उजेडाची, आणि आमच्या मतें निवडीचा खरा निकाल तेथेंच लागतो. लेन्सवर ३.५-५.६ किंवा ३.५-६.३ असे दुसरे आंकडे असतात. लेन्सच्या छिद्राच्या व्यासानें नाभीय अंतरास भागलें म्हणजे हा आंकडा निघतो. म्हणून तो जितका मोठा तितका उजेड कमी. जोडींतला पहिला आंकडा रुंद टोकाचा, दुसरा लांब टोकाचा. उजेड आंकड्याच्या वर्गाच्या प्रमाणांत घटतो, हें ध्यानांत न घेतां लोक ५.६ आणि ६.३ यांत काय मोठें अंतर असें म्हणतात. ३.५ वरून ५.६ वर गेलें कीं उजेड सुमारें अडीच पटींनीं कमी होतो; ६.३ वर गेलें कीं सव्वातीन पटींनीं. ४०० मिलिमीटरला ६.३ मिळावयास त्रेसष्ट मिलिमीटर व्यास लागतो, २.८ मिळवावयाचें म्हटलें तर साडेपांच इंचांहून मोठी कांच लागेल आणि ती लेन्स खांद्यावर वागवावी लागेल. तेव्हां लेन्स हलकी, स्वस्त आणि लांब असावी असा हट्ट धरला म्हणजे कारखानदार उजेडांत कपात करतो. त्याला दुसरा मार्ग नाहीं.

याचा घरीं अर्थ काय होतो तो पाहा. संध्याकाळीं दिवे लागल्यावरच्या आपल्या साधारण खोलींत, कॅमेऱ्याची संवेदनक्षमता म्हणजे आयएसओ ३२०० वर ठेवली, तर ५.६ ला शटर सेकंदाच्या तिसाव्या भागाइतकें उघडें ठेवावें लागतें, ३.५ ला ऐंशीवा भाग पुरतो, आणि १.८ च्या लेन्सला तीनशेंव्या भागांत काम होतें. सेकंदाच्या तिसाव्या भागांत टाळ वाजविणाऱ्या मुलाचा हात कितीतरी सरकतो आणि चित्रांत धुराच्या लोटासारखा उमटतो. लेन्समध्यें हाताचा कंप सांवरणारी योजना असते. निकॉन तिला व्हीआर म्हणतो, टॅमरॉन व्हीसी आणि कॅनन आयएस. ही योजना अवश्य असावी. तिच्यावांचूनची लांब झूम आम्ही फुकटहि घेणार नाहीं. परंतु ती कॅमेरा धरणाऱ्याचा हात स्थिर करते, आरती म्हणणाऱ्याचा नाहीं. दुकानदार हा भेद सांगत नाहींत.

इतकें कळल्यावर आम्हीं जें केलें तें प्रत्येक घरानें खरेदीपूर्वीं करावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर तो किती नाभीय अंतरावर, किती छिद्रावर आणि किती वेगानें घेतला याची नोंद करून ठेवतो. आमची कॉलेजांत जाणारी नात गेल्या दोन वर्षांचे घरचे फोटो संगणकावर उघडून बसली आणि आम्ही शाळेंतल्या हजेरीपटासारख्या रेघा ओढून आंकडे मांडले. तीन रात्री लागल्या. निम्म्याहून अधिक फोटो १८ ते ३५ यांच्या दरम्यानचे निघाले. त्यांतलेहि बरेचसे अगदीं १८ वरच घेतलेले. म्हणजे मागें भिंत होती. दुसरा लहानसा ढीग ७० ते १४० यांच्यामध्यें पडला. मुलांचीं स्नेहसंमेलनें, लग्नें आणि पालखीचे दोन दिवस. २०० च्या पुढचे फोटो शंभरांत दहाहि भरले नाहींत, आणि त्यांतले बहुतेक चंद्राचे होते. चंद्राचा फोटो एकदां चांगला आला म्हणजे पुरे. तो दर महिन्यास तसाच दिसतो.

घरांत वाद मात्र झाला. मधला पुतण्या टॅमरॉनच्या १८ ते ४०० चा पक्षपाती. मातृभोजनाचा फोटो त्याच्याच हातून गेल्यामुळें पुन्हां कांहीं कमी पडूं नये, असें त्याला वाटत होतें आणि तें आम्हांस समजत होतें. थोरल्यानें "एक ना धड, भाराभर चिंध्या" ही म्हण त्याच्या तोंडावर फेकली. हें आम्हांस पटलें नाहीं. एका लेन्सींत सगळें आणावयाचें म्हणजे तीं सगळीं कामें वाईट होणार असें नव्हे. व्याकरणांत उत्सर्ग आणि अपवाद असतात. सामान्य नियमानें नित्याचें काम चालतें आणि जेथें तो लागू पडत नाहीं तेवढ्यापुरता अपवाद सांगतात. घरची लेन्स उत्सर्गासारखी असावी. वाघ, रोहित पक्षी आणि चंद्र हे अपवाद समजावे. अपवाद सांभाळण्यासाठीं नियमच इतका ताणला कीं तो रोजच्या शब्दास लागेनासा झाला, तर तें व्याकरण काय कामाचें?

१८ ते ४०० निकॉनकरितां घेतली तर तिचें वजन ७०५ ग्रॅम. आमच्या लहान कॅमेऱ्यापुढें ती लाविली कीं तोंड खालीं झुकतें. ज्यांना एकच लेन्स घेऊन जंगलांत जावयाचें आहे त्यांना तिच्याइतका आवांका स्वस्तांत दुसरीकडे मिळणें कठीण, हें मान्य केलें पाहिजे. टॅमरॉनचीच २०१५ ची १८ ते २०० ही ४०० ग्रॅमांची आणि किंमतीनें सर्वांत सौम्य. ती लांब टोकास ६.३ वर जाते, पण प्रवासास फार सोयीची. निकॉनची २०१४ ची १८ ते ३००, ५५० ग्रॅमांची, आम्हांस जवळजवळ पसंत पडली होती. निकॉनचीच १८ ते २०० जुनी व नांवाजलेली. तिची २००५ ची पहिली आवृत्ति कॅमेरा खालीं धरला कीं आपल्याच वजनानें लांबत जाते. २००९ च्या आवृत्तींत त्याकरितां कुलूप बसविलें, म्हणून घ्यावयाची तर ती दुसरी घ्यावी.

शेवटीं पारडें निकॉनच्या २०१३ च्या १८ ते १४० कडे झुकलें. वजन ४९० ग्रॅम, लांब टोकास छिद्र ५.६, आंत १७ भिंगें १२ गटांत, कंप सांवरण्याची योजना आहे आणि मोटर लेन्सींतच आहे. सुमारें दीड फुटावरून फोकस होतो, त्यामुळें ताटांतला उकडीचा मोदक चित्रभर घेतां येतो. कॅमेऱ्यास जोडणारें कडें धातूचें आहे; हिच्या आधीच्या १८ ते १०५ ला तें प्लास्टिकचें होतें. आवांका आठ पटींहून कमी, म्हणून जाहिरातींत ती फिकी दिसते. आमच्या हजेरीपटांतले दोन्ही ढीग मात्र तींत संपूर्ण बसत होते. शिवाय निकॉनच्या बऱ्याच कॅमेऱ्यांबरोबर ही लेन्स जोडीनें विकली गेली आणि पुष्कळांनीं पुढें दुसरी घेतली, म्हणून जुन्या बाजारांत ती सहज व रास्त दरांत मिळते. ज्यांच्या घरीं कॅनन आहे त्यांनीं याच न्यायानें कॅननच्या १८ ते १३५ कडे पाहावें. २०१२ ची एसटीएम आणि २०१६ ची यूएसएम अशा तिच्या दोन आवृत्ति चांगल्या आहेत. दोन्हींची मोटर हळुवार चालते, म्हणून चलच्चित्र घेतांना कुरकुर ऐकूं येत नाहीं.

आरसा नसलेले नवे कॅमेरे ज्यांनीं घेतले आहेत त्यांचें काम अधिक सोपें. निकॉनची २०२१ ची झेड जातीची १८ ते १४० ही ३१५ ग्रॅमांची आहे, आणि कॅननची २०२२ ची आरएफ-एस १८ ते १५० ही ३१० ग्रॅमांची. दोन्ही लांब टोकास ६.३ वर जातात, म्हणजे वजन घटविण्याची किंमत येथेंहि उजेडानेंच दिली आहे. निकॉनच्या झेड ५०, झेड ३० व झेड एफसी यांच्या शरीरांत कंप सांवरण्याची योजना नाहीं, म्हणून लेन्सींत ती आहे कीं नाहीं हें विचारल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

जुनी लेन्स घेतांना काय पाहावें तें आम्ही अनुभवानें शिकलों. पहिली जी लेन्स दाखविण्यांत आली ती वरून नवीकोरी होती. थोरल्या पुतण्यानें दोन्हीं बाजूंचीं टोपणें काढून मोबाइलचा दिवा मागून तिरपा धरला, तेव्हां आंतल्या एका भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली. ती बुरशी. आपल्याकडे, विशेषतः कोकणांत, पावसाळ्यांत कपाटांत बंद पडलेल्या लेन्सेसना ती हमखास लागते, आणि एकदां कांचेवरच्या लेपांत शिरली म्हणजे पुसून जाईलच असें नाहीं. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावे; त्यांनीं चित्र बिघडत नाहीं. जाळें दिसलें कीं लेन्स परत द्यावी, किंमत कितीहि उतरो. नंतर झूमचें कडें दोन्हीं टोकांपर्यंत फिरवून कोठें अडतें काय तें पाहावें, लेन्स उभी खालीं धरून घसरते काय तें पाहावें, आणि भिंतीवर वर्तमानपत्राचें पूर्ण पान सरळ चिकटवून त्याचा फोटो रुंद, मधल्या व लांब अशा तिन्ही ठिकाणीं घ्यावा. चारी कोपऱ्यांतलीं अक्षरें मधल्या अक्षरांपेक्षां थोडीं अस्पष्ट असणारच. परंतु तीन कोपरे वाचतां येतात आणि चौथा येत नाहीं असें झालें, तर आंतलें एखादें भिंग सरकलेलें आहे असें समजावें. लेन्स कोणाच्या हातून पडली होती, हें विकणारा सांगणार नाहीं. वर्तमानपत्राचें पान सांगतें.

आम्हीं घेतलेली लेन्स तिसरी पाहिलेली. आषाढांत घेतली म्हणून लगेच झांकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या घालून तींत ठेवली. पुड्या ओल्या झाल्या कीं रंग बदलतात. मग त्या सुकवून परत घालतां येतात. कातड्याच्या पिशवींत लेन्स कधींहि ठेवूं नये. बुरशीला कातडें फार आवडतें.

ठरलेल्या रकमेंतून थोडे पैसे उरले. त्यांची निकॉनची २००९ ची ३५ मिलिमीटरची, १.८ छिद्राची लहान लेन्स जुनीच घेतली. ती झूम नाहीं आणि वजन २०० ग्रॅमच, पण ५.६ च्या मानानें ती जवळजवळ दसपट उजेड आंत घेते. एकच लेन्स घेण्याचा ठराव मोडला, असा आक्षेप सूनबाईंनीं घेतला आणि तो योग्यच होता. त्यावर असा नियम घातला आहे कीं कार्यास आरंभ होण्यापूर्वीं लेन्स ठरवावयाची आणि कार्य संपेपर्यंत ती काढावयाची नाहीं; मग चार फोटो कमी आले तरी चालतील.

भाद्रपदांत गणपती आले तेव्हां याची परीक्षा झाली. प्रतिष्ठापनेपासून दुपारच्या पंगतीपर्यंत १८ ते १४० एकदांहि निघाली नाहीं. माजघरांतली बायकांची पंगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आली, आणि ओसरीवरून अंगणापलीकडे बसलेल्या आमच्या थोरल्या वहिनी, ज्या कॅमेरा दिसला कीं तोंड फिरवितात, हंसतांना सांपडल्या. संध्याकाळच्या आरतींत मात्र तिनें हार खाल्ली. मुलांचे हात आणि झांजा सगळ्या पुसट आल्या. दुसऱ्या दिवशीं आरतीपूर्वीं ३५ ची बसविली. तींत सगळीं माणसें मावलीं नाहींत. पण मुंज झालेला मुलगा हातांत निरांजन धरून उभा आहे, मागें त्याची आई आहे, आणि दोघांच्या मुखांवर निरांजनाचाच उजेड आहे, असा एक फोटो आला. सूनबाईंनीं तो मोठा करून मागितला आहे.

मधला पुतण्या अजून भिगवणाचें नांव काढतोच. गेल्या महिन्यांत तो तेथें जाऊन १४० वर रोहित पक्ष्यांचे फोटो घेऊन आला. पाणी सुरेख आलें आहे आणि पक्षी मोजतां येतात. ७० ते ३०० ची जुनी लेन्स घरांत आहे ती घेऊन जा, असें आम्हीं सांगितलें. तिच्याकडे त्याला अद्याप पाहवत नाहीं.